टांझानियात मुलांमध्ये सेवेला निघालायस, तर आधी एवढं ऐक

सलाम भावा, ख्रिस्ती सेवेचं बोलावणं आलंय आणि तू हो म्हणालास, तुझ्या निरोपात वाचून खरंच खूप आनंद झाला. सुरुवातीला फार काही डोक्यात घेऊ नकोस.

पहिले सहा महिने तिथली स्वाहिली भाषा, बाकी सगळं नंतर. मुलं मोठ्यांना नमस्कार म्हणून 'शिकामो' म्हणतात, आपण उत्तरात 'माराहाबा' म्हणायचं, तेवढ्यानेच पोरं जवळ येतात. आणि वेळ नीट विचारून घे, स्वाहिलीत तास सकाळी 6 पासून मोजतात, 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन पण असतात सकाळचे 8, मी पहिल्याच रविवारी दुपारी 2 ला पोचलो तर शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग) कधीच सुटलेली.

नव्या लोकांच्या नेहमीच्या चुका:
- पहिल्याच दिवशी खाऊ, खेळणी वाटणं. मग मुलं तुझी नाही, पिशवीची वाट बघतात.
- कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबणं. कधीच नाही, दुसरं मोठं माणूस हवंच.
- पालकांना न विचारता फोटो टाकणं.
- 'मी परत येईन' असं सहज बोलून जाणं. ते लक्षात ठेवतात रे.

तिथल्या शिक्षिकांच्या हाताखाली काम कर, त्या आधीपासून आहेत आणि तू गेल्यावरही असणार. रोज पहाटे स्वतःची प्रार्थना मात्र चुकवू नकोस, थकल्यावर पहिली तीच सुटते. शिकवायचं कसं वगैरे तिकडे पोचलास की बोलू.