वाचक विचारतात : रुमाल विसरलेला नायक

गेल्या अंकात सुटीत मुलांबरोबर पाहण्याजोग्या चित्रपटांविषयी लिहिताना दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या ‘द हॉबिट : ॲन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ (२०१२) या चित्रपटाचा उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : नातवाच्या आग्रहाखातर चित्रपट पाहिला. जादूगार गँडाल्फ आहे, राज्य गमावलेला थोरिन आहे, तलवारबहाद्दर खुजे आहेत. आणि नायक कोण, तर उंबऱ्याबाहेर पडायचे म्हटले की घाम फुटणारा ठेंगणा हॉबिट बिल्बो! हे कसे काय? (निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

उत्तर : पहिल्या तासाभरातले दोन प्रसंग आठवून पाहावेत. तेरा खुजे न बोलावता बिल्बोच्या घरी जेवायला येतात, त्याची कोठी रिकामी करतात आणि वर ड्रॅगनने बळकावलेले थोरिनचे राज्य परत मिळवण्याच्या मोहिमेत सामील होण्यासाठी त्याच्या हाती एक लांबलचक करारपत्र देतात. नफ्याचा चौदावा हिस्सा देण्याचे त्यात कबूल केलेले असते, शिवाय अंत्यविधीची तजवीजही असते. ड्रॅगनच्या आगीत जळून जाण्याची शक्यता कानी पडताच हा गृहस्थ भोवळ येऊन सरळ जमिनीवर आडवा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच करारपत्र वाऱ्यावर फडफडवीत धावत येऊन मंडळींना गाठतो, तट्टावर बसतो, चार पावले जातो आणि ‘थांबा, रुमाल घरी राहिला’ म्हणून सर्वांना थांबायला लावतो. एक जण आपल्या कपड्याची चिंधी फाडून त्याच्याकडे फेकतो आणि तांडा पुढे निघतो.

थोरिनला जाणे भागच आहे, कारण त्याच्यामागे वडिलार्जित राज्य आहे आणि सूड आहे. बिल्बोला मात्र जाण्याचे एकही सबळ कारण नाही, आणि प्रत्येक मुक्कामावर परत फिरण्याची वाट त्याला मोकळी आहे. त्यामुळे त्याचे प्रत्येक पाऊल त्याने स्वतः ठरवून टाकलेले असते, आणि प्रेक्षकाचा जीव थोरिनपेक्षा त्याच्यात अधिक गुंततो. गुहेतल्या प्रसंगात हे लख्ख दिसते. अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो, त्याच्या आणि बाहेरच्या उजेडाच्या मध्ये उभा असलेला गॉलम नावाचा गुहेतला विचित्र जीव, आणि गॉलमच्या गळ्याशी टेकलेली तलवार. तो त्या केविलवाण्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहतो, तलवार मागे घेतो आणि त्याच्या डोक्यावरून उडी मारून पळतो. माझ्या मते चित्रपटाचा नायक येथे ठरतो. शेवटी थोरिनला वाचवण्यासाठी तो एका ऑर्कवर, म्हणजे शत्रूकडच्या राक्षसी योद्ध्यावर, झेप घेतो, ती मूळ पुस्तकात नाही. टाळ्यांसाठी घातलेली ती जोड मला अनावश्यक वाटली.

आपण शिक्षक असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मूळ लेखक टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. एकदा उत्तरपत्रिका तपासता तपासता कंटाळलेले असताना एका परीक्षार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांच्या हाती आले आणि त्या पानावर त्यांनी या कथेचे पहिले वाक्य लिहिले. पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले.

प्रश्न : बिल्बो आणि खुजे यांचे नट प्रत्यक्षात आपल्यासारख्याच उंचीचे असतील, तर ते गँडाल्फशेजारी इतके लहान कसे दिसतात? सगळे संगणकावरच केले आहे काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : सगळे नाही. जॅक्सन यांच्या आधीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रत्रयीत (२००१ ते २००३) एक जुनी युक्ती पुष्कळदा वापरली होती. रंकाळ्याच्या काठावर मित्राला दूर उभे करून त्याला आपल्या तळहातावर उचलल्याचा फोटो काढतात, तीच ही युक्ती. एकाच टांग्यात शेजारी बसलेली वाटणारी दोन पात्रे प्रत्यक्षात पुढेमागे बसवायची; मागचा माणूस आपोआप लहान दिसतो, आणि कॅमेरा एकाच डोळ्याने पाहत असल्यामुळे मधले अंतर त्याला कळत नाही. कॅमेरा हलू लागला की चोरी पकडली जाते, म्हणून कॅमेऱ्याबरोबर संचाचा एक भागही सरकवण्याची सोय त्यांनी केली होती.

‘द हॉबिट’ मात्र त्रिमितीत चित्रित झाला. त्यासाठी दोन भिंगे माणसाच्या दोन डोळ्यांसारखी पाहतात आणि कोण जवळ, कोण दूर हे लगेच उघड होते, म्हणून जुनी युक्ती बाद झाली. मग एकाच वेळी दोन संच उभे करण्यात आले. एकात बिल्बो आणि तेरा खुजे, दुसऱ्यात हिरव्या पडद्यांमध्ये एकटा गँडाल्फ. पहिल्या संचातला कॅमेरा जसा फिरेल तसाच, पण प्रमाण बदलून, दुसऱ्यातला कॅमेरा यंत्राच्या आज्ञेने फिरत असे आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवली जात. गँडाल्फ साकारणारे इयन मॅकेलन यांच्यासमोर सहकलाकारांऐवजी त्यांची छायाचित्रे लावलेली असत. ज्याचा संवाद चालू असेल त्याच्याजवळचा दिवा लागे. रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या या ज्येष्ठ नटाला त्या एकाकीपणात रडू कोसळले होते, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. ज्या भोजनप्रसंगाला आपण पोट धरून हसतो, त्याच्या मागची ही बाजू आहे.

प्रश्न : चित्रपटगृहात पाहिला तेव्हा दृश्ये दूरदर्शनवरच्या मालिकेसारखी वाटली होती. घरी तसे वाटले नाही. (वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आपली नजर चांगली आहे. बोलपटांच्या काळापासून चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे) दाखवण्याचा प्रघात आहे. हा चित्रपट ४८ चौकटींनी चित्रित झाला आणि काही चित्रपटगृहांत तसाच दाखवला गेला. हालचाल अधिक सुस्पष्ट झाली खरी, पण त्या स्पष्टपणात दाढ्या, मुखवटे आणि रंगवलेले दगडही अनेकांना उघडे पडल्यासारखे वाटले. थोडी अस्पष्टता कल्पनारम्य कथेला मानवते.

प्रश्न : असा नायक आपल्याकडे नाही काय? आमच्या पन्हाळ्याचा शिवा काशीद घ्या. (वाचक, पन्हाळा)

उत्तर : १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेला नेबापूरचा शिवा काशीद इतिहासातला आहे, शिवाय आपले काय होणार हे ठाऊक असून तो बसला. त्याला कल्पित कथेतल्या बिल्बोच्या पंक्तीला बसवणे मला प्रशस्त वाटत नाही.

बिल्बोचे आप्त शोधायचेच तर दोन ठिकाणी सापडतील. एक म्हणजे आजीच्या गोष्टीतला नावडतीचा मुलगा, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते. दुसरा विराटपर्वातला राजपुत्र उत्तर. अंतःपुरात बढाया मारून तो कौरवांवर चालून निघतो, तेव्हा बहीण उत्तरा आपल्या बाहुल्यांसाठी शत्रूची उंची वस्त्रे आणायला सांगते. प्रत्यक्ष सेना दिसताच तो रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडा त्याला धरून आणते आणि घोड्यांचे लगाम त्याच्या हाती देते. तो थरथरत का होईना रथ हाकतो, आणि बाहुल्यांची वस्त्रेही घरी येतात. त्या वस्त्रांची आणि बिल्बोच्या रुमालाची जात एकच आहे. याच विराटपर्वातली कथा घेऊन आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२० साली, घरच्या घरी तयार केलेल्या कॅमेऱ्यावर, ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. उत्तरावर मात्र कोणी स्वतंत्र चित्रपट काढावा असे मला फार वाटते.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का? (गृहिणी, कसबा बावडा)

उत्तर : एका बैठकीत नको. चित्रपट १६९ मिनिटांचा आहे, आणि त्यात लढाया, छाटलेली मुंडकी आणि अंधाऱ्या गुहा आहेत. पहिल्या दिवशी रुमालाच्या प्रसंगापर्यंत पाहावा आणि पुढचे तिने मागितले तरच दाखवावे. गॉलम येण्यापूर्वी खोलीतला दिवा लावून ठेवावा.