ताई, आमचा पोट्टा रांगतच नाहीये!

बाळाच्या हालचाली, बसणं, रांगणं, चालणं यावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं देताहेत लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट ताई.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मनीष नगरला राहते. मुलगा 11 महिन्यांचा झाला पण रांगतच नाही हो. बसतो मस्त, सातव्या महिन्यातच बसला, पण कुठे जायचं असलं की बुडावर बसून एक पाय मारत मारत सरकत जातो, सगळे हसतात. जावेची मुलगी 9 महिन्यांची, ती रांगून अख्खं घर पालथं घालते. सासूबाई म्हणतात तान्ह्या पोळ्याला इतर पोरांसारखा लाकडी नंदी ओढत चालला पाहिजे, आमच्याकडचे सगळे पोट्टे वर्षाच्या आत चालले. नणंदेनं वॉकर आणून दिला. मालिशवाल्या बाई म्हणतात कंबर कच्ची आहे. मला तर रात्री झोप लागत नाही, मोबाईलवर काहीबाही वाचत बसते. काहून असं होत असेल?

उत्तर : आधी तो मोबाईल बाजूला ठेवा आणि झोपा, खरंच सांगते. तुम्ही जे लिहिलंय त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाहीये. मुलगा एका जागी बसून नाहीये ना, त्याला हवं तिथे तो पोचतोय, फक्त त्याचा रस्ता वेगळा आहे. बुडावर सरकणारी बाळं असतातच, बऱ्याचदा ते घराण्यातच असतं, सासरच्या-माहेरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, एखादा काका किंवा मामा नक्की निघेल असा सरकणारा. ही मुलं चालायलाही जरा उशिरा लागतात, कारण सरकून काम होतंय तर उठायची घाई कशाला, हात मोकळे राहतात, बिस्कीट पण सुटत नाही हातातलं.

आता आकडे सांगते कारण ‘वर्षाच्या आत’ हे वाक्य मी रोज ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली एक मोठा अभ्यास छापला, भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली 816 निरोगी मुलं घेऊन, त्यात आपल्याकडची दिल्लीची होती. हात-गुडघ्यांवर रांगणं कुणाचं 5 महिने होऊन गेले की लगेच सुरू झालं तर कुणाचं पार साडेतेरा महिन्यांना. एकट्यानं चालणं 8 महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. सरासरी आली 12 महिन्यांच्या आसपास, म्हणजे साधारण निम्मी मुलं पहिल्या वाढदिवसाला चालत होती आणि निम्मी नव्हती, आणि ही सगळीच धडधाकट मुलं बरं का. शिवाय 100 मधली साधारण 4 मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. जावेची मुलगी 9 महिन्यांना रांगते हे छानच आहे, पण त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनं तर 2022 मध्ये ‘कोणत्या वयात बाळाला काय यावं’ या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं, कारण मुलांमुलांत फारच फरक दिसतो. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलं नाही आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही, रांगताना हातांवर आणि खांद्यांवर जो भार येतो तो चांगलाच असतो. पण रांगला नाही म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ मात्र नाही काढायचा.

एक गोष्ट मी विचारेन, मे महिन्यात बाळ कुठे होतं? आपल्या नागपूरचं ऊन 45 च्या वर गेलं की सगळं घर एका कूलरच्या खोलीत आणि बाळ दिवसभर दिवाणावर नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर. रांगायचं वय नेमकं उन्हाळ्यात आलं तर जमिनीचा चान्सच मिळत नाही त्याला. गादीवर हात रुततात, ढकलायला काही लागत नाही. आता पाऊस आहे, फरशी थंड झाली, तर सतरंजी नाहीतर घट्ट चटई टाका आणि तो जागा असेल तेव्हा दिवसातून जमेल तितक्या वेळा खाली सोडा. थोडा वेळ पोटावर पण, रडला तर उचला, मग परत. खेळणं हाताच्या अंतराच्या जरा पुढे ठेवा, फार लांब नको, चिडतो मग. सोफ्यावर किंवा दिवाणावर त्याच्या आवडीचं काही ठेवलं की धरून उभा राहायचा प्रयत्न करतो, तो धरून बाजूबाजूनं सरकायला लागला की समजा गाडी पुढे चाललीय. पायात मोजे घालू नका, टाइल्सवर घसरतात, अनवाणी बरं.

वॉकर माळ्यावर टाका, किंवा त्याहून बरं म्हणजे भंगारात द्या, कारण माळ्यावरून तो दुसऱ्याच्या बाळाकडे जातो. नणंदबाईंना वाईट वाटेल पण सांगा मी सांगितलं म्हणून. कॅनडात 2004 पासून बाळांचे वॉकर विकायलाच बंदी आहे, जिन्यावरून पडणं आणि गॅसपाशी, गरम भांड्यापाशी पोचणं यामुळे. आणि चालणं लवकर येतं हा तर निव्वळ गैरसमज आहे, वॉकरमधली मुलं उलट थोडी उशिरा चालताना दिसली आहेत. त्यात बाळ सीटवर लटकलेलं असतं, चवड्यांनी ढकलतं, स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत त्याला. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्याच्यामागे मूल स्वतःच्या वजनावर उभं राहतं आणि तोल स्वतः सांभाळतं. तोही मुलगा धरून उभा राहायला लागल्यावरच द्या आणि तुम्ही सोबत असताना.

कंबर ‘कच्ची’ असती तर सातव्या महिन्यात बसला नसता. मालिश करा, बाळाला आवडतं, पण पाय ओढणं, उलटं धरणं हे प्रकार त्या बाईंना करू देऊ नका.

दाखवायचं कधी ते पण सांगते. 9 महिने झाले तरी बसवल्यावर टिकत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतो आणि दुसरी मूठ मिटलेली असते, एक बाजू फरफटते, पाय कडक होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जातात, किंवा अंग अगदी लुळं लागतं. 18 महिन्यांनाही एकट्यानं चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे येत होतं ते गेलं, मग वय काहीही असो थांबायचं नाही. तुमचा एकच पाय मारतो म्हणालात ना, तर दुसरा पाय इतर वेळी सारखाच हलतो का तेवढं बघा, बहुतेक हलत असेलच, पुढच्या लसीला डॉक्टरांना सरकतानाचा व्हिडीओ दाखवून टाका, दवाखान्यात गेल्यावर ही मुलं काहीच करून दाखवत नाहीत. मुलगा 18 महिन्यांना चालत नसेल तर डॉक्टर सीके नावाची रक्ततपासणी लिहून देऊ शकतात, स्नायूंचा एक आजार मुलग्यांमध्ये असतो तो लवकर कळावा म्हणून. खर्चाची अडचण असलेल्यांनी नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात जावं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते, तीही फुकटच तपासते.

राहिला तान्हा पोळा. नंदीला चाकं आहेत, बाळाला कडेवर घ्या, दोरी त्याच्या हातात द्या, फोटो मस्त येतो आणि खाऊ-पैशांचा बोजारा पण मिळतो. पुढच्या वर्षी तो नंदी घेऊन पळेल तेव्हा त्याला धरायला सासूबाईंनाच पाठवा.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी 32 व्या आठवड्यात झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता 10 महिने पूर्ण झाले पण बिना आधाराची नीट बसत नाही, उशी लावावी लागते. बायको रोज रडते. काय करावं? – एक बाबा, हिंगणा रोड

उत्तर : दादा, तारीख बदला आधी. 40 आठवड्यांतून 32 गेले, राहिले 8, म्हणजे सुमारे 2 महिने. तर तुमची मुलगी या हिशेबात 10 नाही, 8 महिन्यांची आहे आणि 8 महिन्यांना अजून डुगडुगत बसणारी मुलं भरपूर असतात. 2 वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं, वाढदिवस मात्र खऱ्या तारखेलाच करा. लसीला हा हिशेब लावायचा नाही हं, लस जन्मतारखेप्रमाणेच.

पण इथे मी तुम्हाला ‘होईल आपोआप’ म्हणून सोडणार नाही. लवकर जन्मलेल्या बाळांचं फॉलोअप चुकवायचं नसतं, डोळ्याचा पडदा आणि कान तपासले नसतील तर ते या आठवड्यातच करा, आणि त्याच वेळी हातापायांचा कडकपणा पण बघून घेतील. घरी उशीपेक्षा तुमची मांडी बरी, तुमच्या पायांच्या मध्ये जमिनीवर बसवा, समोर खेळणं, तोल गेला की तुम्ही आहातच. हे रोज तुम्ही करा, ऑफिसहून आल्यावर, बायकोला तेवढा चहा तरी शांत पिता येईल.

प्रश्न : नात 14 महिन्यांची आहे, नुकतीच पावलं टाकते. दोन पावलं टाकते न धप्पकन पडते. पाय पण वाकडे वाटतात, कमानीसारखे. सून तिला पडू देत नाही, सारखी धरून असते. मी म्हणते पडल्याशिवाय येत नाही. बूट घ्यावेत का, पी-पी वाजणारे मिळतात ना इतवारीत? – आजी, महाल

उत्तर : आजी, पडण्याच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये 12 ते 19 महिन्यांच्या मुलांच्या खेळण्याचं मोजमाप छापलं, तर एका तासात सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं निघालं! आणि बहुतेक मुलं उठून परत कामाला लागतात, आपण ‘अगं बाई’ म्हणून ओरडलो की मग रडतात. सुनेला पण बोलू नका, तिची भीती टेबलाच्या कोपऱ्यांची आणि कूलरखाली सांडलेल्या पाण्याची असेल तर ती खरी आहे, ते आवरून द्या म्हणजे तीच सोडेल.

पाय साधारण 2 वर्षांपर्यंत असेच कमानी दिसतात, मग 3-4 वर्षांना उलट गुडघे एकमेकांना लागतात, 7 वर्षांच्या आसपास सरळ होतात. एकच पाय वाकडा असेल, किंवा मनगटं जाड वाटत असतील, तर मात्र दाखवा, ड जीवनसत्त्व कमी पडून मुडदूस होतो त्यात असं दिसतं. तळवे सपाट दिसतात ते या वयात चालतंच.

घरात बूट नकोच. अंगणात, रस्त्यावर पाय भाजू नये, काही टोचू नये एवढ्यापुरतेच. पी-पी वाले घ्यायचेच असतील तर घ्या, पोरगी खूश होईल, फक्त तळ दोन बोटांनी सहज वाकतो का ते दुकानातच बघून घ्या.