मोटारसायकलची चेन घरच्या घरी, खास हत्यारांशिवाय बदलता येते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गाडी १०० सीसीची आहे, घरात पाने, पक्कड अन् हातोडी आहे, आणि घरातले म्हणतात, "नवी कशाला, दोन कड्या काढून टाक, अजून वर्षभर चालंल."

बदलता येते. पण मी लिहायला बसलो ते घरातल्यांच्या त्या वाक्यामुळं. कड्या काढू नका.

२०१६ ची गोष्ट आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलूच्या बाजूला. दोन वर्षं कापसानं हात दिला नव्हता, घर दोन म्हशींच्या दुधावर चाललं होतं, आणि ते दूध रोज गाडीवर सेलूला न्यायचं काम माझं. कॅनचं वजन, रस्त्यावरचा फुफाटा, त्यात चेनला तेल कधी घातलं तर घातलं. चेन कव्हरला घासून खडखड करायची. चाक मागं ओढून ओढून ॲडजस्टरला जागाच उरली नव्हती.

पोळ्याला अक्का अन् दाजी आले. दाजी वाळूजला कंपनीत मशीनवर कामाला, त्यामुळं लोखंडाच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. आवाज ऐकून म्हणाले, "चेन वाढलीय. दोन कड्या काढल्या की झालं. दुष्काळात कशाला पैसे घालायलास?" पैसे खरंच नव्हते. त्यांनी ओसरीतच पिन घासून ठोकून काढली, दोन कड्या कमी केल्या आणि तोच जुना लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी पत्तीची कडी, परत बसवला. आवाज बंद झाला. मी खूश.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस लागला, घटस्थापनेला चार-पाच दिवस राहिले होते. बायकोला मागं बसवून बाजार करून परत येत होतो. पुलाच्या अलीकडं खाडकन् आवाज झाला आणि मागचं चाक जागेवर जाम. चेन निसटून पुढच्या सॉकेटपाशी, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रापाशी (स्प्रॉकेट), गोळा झाली होती. गाडी आडवी झाली. मला खरचटलं, तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. म्हशी तिच्याच हाताच्या, मला धार काढू देईनात. आजही ओलं लुगडं पिळायचं म्हटलं की ती डावा हात पुढं करते.

दाजी बघायला आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "चिखलात गियर हानला असशील, म्हणून तुटली." मी गप्प बसलो. बहिणीच्या नवऱ्याला कोण उलट बोलणार?

पण ती चेन मी पोत्यात घालून घरी आणली होती. दिवाळीनंतर रॉकेलमध्ये धुतली, ओसरीत ताणून धरली आणि टेप लावला. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची चेन ४२८ नंबरची असते. तिच्यात एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच. म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या १० इंचात बसायला पाहिजेत. माझ्या चेनच्या सव्वादहा इंच भरल्या. आणि एकही कडी तुटलेली नव्हती. दोन्ही टोकं शाबूत. गेला होता तो फक्त लॉक.

लोखंड रबरासारखं वाढत नाही. प्रत्येक पिन आणि तिच्यावरची नळी (बुश) झिजते, त्यामुळं प्रत्येक कडी थोडी थोडी लांब पडते. दोन कड्या काढल्या तर सगळी चेन आखूड होते, पण उरलेली प्रत्येक कडी तेवढीच लांब राहते. मग ती दात्याच्या मुळात बसत नाही, वर चढून चालते, आणि एक दिवस चढून निसटते. तुम्ही २० कड्या मोजा. पाच मिलीमीटरच्या वर वाढ निघाली तर चेन गेली.

आता बदलायचं. नुसती चेन घेऊ नका, दोन्ही सॉकेटसकट सेट घ्या. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर मरते. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद. जुनी चेन चढलेली असतानाच कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुढच्या सॉकेटचे बोल्ट ढिले करा. चेन काढल्यावर ते नुसते फिरत बसतात, मग माणूस छिन्नी-हातोडीवर येतो आणि दाते खराब करतो. लॉकची पत्ती पक्कडीनं मागं सरकवली की निघते. मागचं चाक काढणं, सॉकेट बदलणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. नवी चेन जुनीच्या लांबीवर मापू नका, जुनी लांब झालेली असते. कड्या मोजा.

माझ्या दृष्टीनं सगळं काम लॉकमध्ये आहे. सेटमधला नवाच लॉक घाला. पत्ती बाहेरच्या अंगाला, दिसेल अशी. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडं, म्हणजे वरच्या पट्ट्यात असेल तर इंजिनकडं. फटीचं तोंड मागं. पक्कडीचा एक जबडा पिनेला, एक पत्तीला लावून दाबली की टक् करून बसते. तो आवाज आल्याशिवाय उठू नका. दाजींनी पत्तीचं तोंड कुठं ठेवलं होतं ते मी पाहिलं नव्हतं, कारण ते पाहायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. खालच्या पट्ट्यात मधोमध बोटानं दाबून वर-खाली मिळून दोन ते तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. चाक हातानं फिरवून जिथं चेन सगळ्यात ताठ होते तिथं मापा. चाक सरकल्यानं मागचा ब्रेकही बदलतो, रॉड परत जुळवा. दोन-तीनशे किलोमीटरनं ताण पुन्हा बघा, नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते.

दाजी, तुम्ही हे कधी वाचलंत तर: चांगली चेन अन् बसलेला लॉक गियर हाणल्यानं निसटत नाही. चेन अजून गोठ्यात खिळ्याला आहे, टेप मी देतो.

राहिलं एक. मोठ्या गाड्यांना ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली), रिबिट मारलेली चेन असते. ती पक्कड-हातोडीनं जोडू नका, ती मिस्त्रीकडंच न्या. आणि चेन पुसायला गाडी चालू करून गियरमध्ये टाकू नका, कितीही सोपं वाटलं तरी. फडकं दात्यात गेलं की बोट सोबत जातं. चाक हातानंच फिरवा.