शाळेत सामायिक नेतृत्व आणलं तरी शिक्षकांचा उत्साह का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की वडोदऱ्यातल्या तुमच्या ग्रांटेड, म्हणजे अनुदानित, शाळेत आचार्यांनी (मुख्याध्यापकांनी) सामायिक नेतृत्व म्हणून सहा समित्या नेमल्या, प्रत्येकीला एक प्रमुख दिला, तरी स्टाफरूममधली कुरकुर वाढलीच. वाढणारच. लग्नात वाढप्याच्या हाती बादली द्यायची आणि पंगत कधी बसवायची ते यजमानाने ठरवायचं, असा हा कारभार आहे. काम वाटलं गेलं, निर्णय एकही हलला नाही.

उत्साह वाढवायचं नंतर बघू. आधी तो कुठे गळतोय ते शोधा. माझ्या मते निम्म्या शाळांत तो प्रॉक्सीच्या वहीत गळतो, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला कोणाला पाठवलं ते जिथे लिहितात तिथे.

हिशोब मांडा. बारा तुकड्या, अठरा शिक्षक, दिवसाला आठ तास (पिरियड). म्हणजे रोज ९६ तास भरायचे. माणशी सव्वापाच-साडेपाच तास वर्गात, मोकळे जेमतेम अडीच-पावणेतीन. दोघं गैरहजर राहिले की दहा-अकरा प्रॉक्सी निघतात, म्हणजे उरलेल्या सोळांपैकी दहा-अकरा जणांचा एकेक मोकळा तास गेला. तो तास चहाचा नसतो. ४५ वह्या, वहीमागे दोन मिनिटं धरली तर एका वर्गाचं तपासणं घड्याळी दीड तासाचं होतं. मोकळा तास गेला की वह्या घरी जातात.

आता सुपरवायझर चिठ्ठी कोणाला पाठवतो? जो तोंड वाकडं करत नाही त्याला. भांडणाऱ्याला चुकूनही नाही. महिनाभर हे चाललं की सालस शिक्षकही कारणं सांगायला शिकतो, आणि मग आपण म्हणतो की स्टाफमध्ये चैतन्य नाही.

ही वही तिघा शिक्षकांकडे द्या. एक भाषेचा, एक गणित-विज्ञानाचा, एक उरलेल्या विषयांचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे तिघं, दुसऱ्या सत्रात दुसरे तिघं. वही स्टाफरूममध्ये उघडी टांगायची. रकाने: तारीख, तास, वर्ग, कोण गैरहजर, कोण गेलं, आणि ज्याची-त्याची चालू बेरीज. बेरजेचा रकाना गाळलात तर बाकी सगळं व्यर्थ, कारण सगळा संशय तिथेच असतो. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, त्याला पहिली प्रॉक्सी. दिवसात एकाला एकच, दुसरी फक्त नाइलाजाने.

त्याहून चांगलं म्हणजे त्याच वर्गाला शिकवणारा शिक्षक मोकळा असेल तर त्याने आपला विषय पुढे न्यावा आणि आपला एक तास गैरहजर शिक्षकाला नंतर परत द्यावा. ही अदलाबदल झाली, प्रॉक्सी नव्हे. बेरजेत धरू नका. मुलं नुसती बसून राहत नाहीत, कोणाचा अभ्यासक्रमही मागे पडत नाही.

नियोजित गैरहजेरीची चिठ्ठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत यायला हवी. प्रशिक्षण, बीएलओचं (मतदारयादीचं) काम, हे अचानक उगवत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामं शिक्षकांना लावायची मुभा आहे, तेव्हा ती येणार हे धरूनच चाला. नवरात्रात गरब्याच्या जागरणामुळे सकाळपाळीचा पहिला तास आणि विश्वामित्री नदीला पाणी चढलं की पुलापलीकडचे शिक्षक, यांची वेगळी यादी आधीच करून ठेवा. आचार्यांना तिघांचा निर्णय फिरवायचा हक्क असू द्या, पण कारण वहीत लिहून, सहीनिशी. या एका अटीमुळे फिरवाफिरवी आपोआप कमी होते.

‘शिक्षकांच्या हाती वेळापत्रक दिलं की सगळे सोयीचे तास लाटतील’ हा सुपरवायझर मंडळींचा जुना युक्तिवाद मला कधीच पटला नाही. लाटालाटी बंद खोलीत होते, उघड्या वहीत नाही. वही एक सत्र नीट चालली की पुढच्या जूनआधी वेळापत्रकही त्यांनाच करू द्या. क्रम मात्र पाळा: आधी अर्धवेळ शिक्षक, प्रयोगशाळा, संगणक खोली आणि मैदान यांचे तास, कारण तिथे हलायला जागा नसते. मग प्रात्यक्षिकांचे जोडतास. मग वर्गशिक्षकाचा पहिला तास. गणित रोज शेवटच्या तासाला पडत नाही ना, ते बघून उरलेलं भरा. उलट क्रमाने सुरुवात केली की शेवटी प्रयोगशाळेत एका तासाला दोन वर्ग येऊन उभे राहतात.

पैशाचं थोडक्यात: विषयगटाला सत्राला दोन हजारांपर्यंत खरेदी विचारल्याशिवाय करू द्या, पक्कं बिल आठ दिवसांत ऑफिसात. ट्रस्टचे खजिनदार कुरकुर करतील; पैसा कुठे गेला ते पक्क्या बिलावरून कळतं, हे त्यांना सांगा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. त्यातले काही तास कशावर घालवायचे ते शिक्षकांनी ठरवलं तर निदान डुलक्या तरी कमी होतील.

प्रेरणेच्या मानसशास्त्राबद्दलही विचारलंत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी अशी की माणसाला स्वायत्तता लागते, काम जमतंय ही जाणीव लागते आणि आपली माणसं लागतात. तुमच्या समित्या वाढदिवस आणि सहली काढून तिसऱ्या गरजेपाशीच घुटमळतात. पहिलीला कोणी हातच लावत नाही.

हे सगळं पाच-सहा शिक्षकांच्या शाळेत चालणार नाही. तिथे मोकळे तासच नसतात, वर्ग एकत्र बसवावे लागतात. रजा मंजुरी, गोपनीय अहवाल आणि तक्रारींची चौकशी समितीकडे देऊ नका, ती जबाबदारी आचार्यांचीच. आचार्य इन्चार्ज (तात्पुरते) असतील आणि कधीही बदलणार असतील, तर वहीचे नियम ट्रस्टच्या ठरावात घालून घ्या, नाहीतर नवा माणूस आला की वही परत सुपरवायझरच्या खणात. आणि सहापैकी निदान चार समित्या आजच बरखास्त करा.