जर्मनीत मास्टर्स करायचंय ना, मग आधी हे वाच

जर्मनीत फी नाही म्हणजे शिक्षण फुकट, असं घरी सांगू नकोस प्लीज. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नसते हे खरंय, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात, शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो सध्या दाखवावे लागतात, ते तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ असे तुलाच खर्चायला मिळतात पण जायच्या आधी एकरकमी उभे करायचे असतात, त्यामुळे लोन काढणार असशील तर बँकेत आत्ताच विचारून ठेव.

एपीएस सर्टिफिकेट पहिलं, म्हणजे आपली मार्कशीट, डिग्री खरी आहेत हे तपासून मिळणारा दाखला. २०२२ च्या नोव्हेंबरपासून आपल्या बहुतेक मुलांना व्हिसासाठी ते लागतंच, आणि मार्कशीट गोळा करण्यातच वेळ जातो, अ‍ॅडमिशनची वाट बघत बसू नकोस.

आणि खरं सांगू का, जर्मन शीक. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी शीक. वर्षाला १४० पूर्ण दिवस पार्टटाइम काम करता येतं, डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, पण भाषा येत नसेल तर कितीतरी जॉबना अप्लायसुद्धा करता येत नाही, मुलाखत तर लांबच. बी-१ म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीपर्यंत इथूनच करून जा, पुण्यात-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहेच, तिकडे गेल्यावर असाइनमेंट, नोकरी, स्वयंपाक यात क्लास मागेच पडतो. म्युनिकच्या मागे सगळे लागतात पण तिथली खोलीभाडी बघ आधी, लाइपझिग, केमनिट्झ अशी शहरंपण यादीत घे.