विचारा तर खरं : अपडेट अर्धवट राहिलं, कार्ड पुसू का?

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर लिब्रइलेक ही सिस्टिम आणि चित्रपट दाखवणारं कोडी आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली. आता टीव्ही काळा, आणि हिरवा दिवा सात वेळा लुकलुकून थांबतो, परत सात. मेमरी कार्डावर नव्याने इमेज (म्हणजे सगळी सिस्टिम कोरी) चढवली तर चित्रपटांची यादी, पाहून झाल्याच्या खुणा जातील ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जातील, म्हणूनच चढवू नका. कार्डाचे दोन भाग असतात. लहान भागात कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि सिस्टिम या फाईली, मोठ्यात तुमची यादी, ॲड-ऑन (कोडीला जोडलेल्या जादा सोयी), सेटिंग. अपडेट लिहिलं जातं ते लहान भागात. सात लुकलुकी म्हणजे कर्नल सापडत नाही. चार असत्या तर पाय सुरू करणारी ‘स्टार्ट’ फाईल गेली असं समजायचं.

कार्ड विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा. मोठा भाग विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारेल. तिथे रद्दच करा. यादी त्या एका क्लिकने जाते! मग लिब्रइलेकची पाय ४ साठीची ‘टार’ फाईल (अपडेटचं गाठोडं) उतरवून सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने उघडा. ‘टार्गेट’ फोल्डरात ‘कर्नल’ आणि ‘सिस्टिम’ मिळतील. कार्डाच्या लहान भागातल्या याच दोन अर्धवट फाईली आधी काढा, नाहीतर जागा पुरणार नाही. नव्या फाईली टाकून ‘कर्नल’चं नाव ‘कर्नल.आयएमजी’ करा. दोन्ही एकाच आवृत्तीच्या हव्यात, कारण कर्नलचे ड्रायव्हर सिस्टिमच्या पोटात असतात. ‘सीएमडीलाइन’ आणि ‘कॉन्फिग’ या सेटिंगच्या फाईलींना हात लावू नका. कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा. पहिल्यांदा सुरू होताना अपडेट आपोआप पुन्हा चाललं तर चालू द्या. अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा, मोबाइलचा जुना चार्जर नको.

प्रश्न : अपडेट नीट झालं, पण कोडीचा लोगो येतो, काळोख, परत लोगो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा जुनं ॲड-ऑन किंवा स्किन (कोडीचं रूप बदलणारं ॲड-ऑन). २०२१ च्या कोडी १९ पासून पायथन २ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली ॲड-ऑन चालत नाहीत, आणि जुन्या आवृत्तीवरून थेट उडी मारली की हेच होतं. एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कमार्गे) आत जा, कोडीची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा कोडी प्रोग्रॅम, थांबवा, ‘.कोडी’ फोल्डरचं नाव बदला (पुसू नका) आणि सर्व्हिस सुरू करा. चाललं, तर जुन्या फोल्डरातल्या ‘युजरडेटा’मधून फक्त ‘डेटाबेस’ फोल्डरातल्या ‘मायव्हिडिओज’च्या फाईली आणि ‘सोर्सेस’ (चित्रपट कुठे ठेवलेत त्याची फाईल) परत आणा, तेही सर्व्हिस थांबवून. ‘ॲडऑन्स’ नावाची डेटाबेस फाईल मागेच ठेवा. नेमकं कोण आडवं येतंय ते जुन्या ‘टेंप’ फोल्डरातल्या लॉगच्या (कोडीच्या नोंदवहीच्या) शेवटच्या ओळींत सापडतं.

प्रश्न : पाय ३ साठी लिब्रइलेकची फाईल शोधली तर नावात ‘आरपीआय२’ दिसतं. चूक आहे का?
– एक वाचक, वाई

उत्तर : बरोबर आहे. पाय २ आणि पाय ३ यांची फाईल एकच. पाय ४ ची मात्र वेगळी.