पिस्तूल घ्या, पण एफडीला हात न लावता

प्रश्न: मी ३१ वर्षांची, बडोद्यात कारेलीबागला आईसोबत राहते. औषध कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी आहे. हातात ₹५२,००० येतात, घरखर्च ₹३४,०००. एसआयपी ₹६,००० आणि आरडी ₹५,००० चालू आहे. आरडी पुढच्या महिन्यात पिकेल, साधारण ₹१ लाख २९ हजार मिळतील. शिवाय अडीच लाखांची एफडी आहे, कर्ज काही नाही. सहा महिन्यांपासून क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. ६० शॉट्समध्ये ५१५ ते ५२५ गुण येतात. क्लबचं पिस्तूल तिघीजणी वापरतो आणि त्याची ग्रिप माझ्या हाताला मोठी पडते. मॉरिनी कंपनीचं नवं पिस्तूल विक्रेता ₹२ लाख ३५ हजारांना सांगतो, क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट हप्ता. एका सीनियर नेमबाजाकडे वापरलेलं फाइनवेर्कबाऊ पी ८ एक्स ₹१ लाख १५ हजारांना आहे, त्याच्या सिलिंडरवर २०१८ साल आहे. भाऊ म्हणतो, एवढ्या पैशाचं सोनं घे. एफडी मोडून नवंच घ्यावं का?

उत्तर: ताई, पिस्तूल घ्या. वापरलेलं घ्या, आरडीच्या पैशातून घ्या, आणि त्यासाठी एफडी मोडू नका. एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हिशेब मांडतो.

नवं पिस्तूल कार्डावर घेतलंत तर महिन्याला ₹१९,५८३ चा हप्ता बसतो. घरखर्च जाऊन तुमच्या हातात उरतात ₹१८,०००. म्हणजे एसआयपी आणि आरडी दोन्ही थांबवूनही हप्ता भागत नाही. 'नो-कॉस्ट' शब्दावरही जाऊ नका. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो, म्हणजे रोखीने घेतलं असतं तर मिळणारी सूट तुम्ही सोडून देता. वर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. हा रस्ता बंदच समजा.

आता एफडी. सहा महिन्यांचा घरखर्च होतो ₹२ लाख ४ हजार, तेवढे पैसे हाताशी हवेतच. वर राहतात ₹४६,०००. ते पिस्तुलात घालायला मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुमच्या सविस्तर पत्रात एक ओळ ओझरती आली आहे: आई ६३ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि कंपनीची पॉलिसी फक्त तुमच्यापुरती आहे. म्हणजे आईच्या दवाखान्याचा फंडही हीच एफडी. उद्या आईला चार दिवस ॲडमिट करावं लागलं तर पिस्तूल विकून बिल भरण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. आधीपासूनच्या आजारासाठी आरोग्य विम्यात प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे, पण तो मोजायला सुरुवात होते पॉलिसी घेतल्या दिवसापासून. म्हणून पिस्तुलाआधी आईची पॉलिसी. पहिला हप्ता एफडीतल्या या वरच्या ₹४६,००० मधून भरा. पिकलेली आरडी त्याच ₹५,००० नी लगेच पुन्हा सुरू करा आणि पुढच्या वर्षांचे हप्ते तिच्यातून द्या. मधुमेह अर्जात लपवू नका. जुन्या करप्रणालीत असाल तर ६० वर्षांवरच्या आईच्या प्रीमियमवर ₹५०,००० पर्यंत वजावट मिळते.

एवढं झालं की पिस्तुलाकडे मोकळ्या मनाने बघता येईल. नवशिक्या नेमबाजाचा बहुतेक विचार खरेदीच्या किमतीवरच थांबतो. खेळाचा खर्च तिथून सुरू होतो. तुम्ही आठवड्याला चार दिवस जाता. दर वेळी ६० शॉट्स आणि १० सायटर, म्हणजे नेम जुळवायचे सुरुवातीचे शॉट्स, धरले तर वर्षाच्या ५० आठवड्यांत १४,००० छर्रे लागतात. ५०० छर्ऱ्यांचा डबा तुम्हाला ₹८०० ला पडतो, २८ डब्यांचे ₹२२,४०० झाले. क्लबची फी वर्षाला ₹३०,०००. जिल्हा आणि राज्य स्पर्धांची प्रवेश फी, अहमदाबादला जाणं-येणं, राहणं यासाठी ₹१५,००० धरू. एकूण ₹६७,४००, म्हणजे महिन्याला सुमारे ₹५,६००. एसआयपी आणि आरडी जाऊन तुमच्याकडे ₹७,००० उरतात. जमतंय, पण जेमतेम. हप्त्याचं ओझं घेतलं असतं तर पहिली काटछाट छर्ऱ्यांत झाली असती, आणि महागडं पिस्तूल हातात घेऊन सराव कमी, अशी गत झाली असती.

गुणांचंही पाहू. ५२० म्हणजे शॉटमागे सरासरी ८.७. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. स्पर्धेचं कुठलंही चांगलं पिस्तूल शिकंज्यात धरून चालवलं तर छर्रे त्या वर्तुळातच पडतात, नवं असो वा जुनं. तुमचे छर्रे केंद्रापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जातात ते मनगट आणि ट्रिगरमुळे. म्हणून स्वतःच्या पिस्तुलाचे खरे फायदे मला दोनच दिसतात. एक, ग्रिप तुमच्या मुठीची होते. किलोभराचं पिस्तूल एका हातात धरायचं, ५०० ग्रॅमच्या वर ओढ लागणारा ट्रिगर त्याच हाताचं बोट दाबणार. मूठ सैल बसली तर दर वेळी पकड बदलते. दुसरा, घरी ड्राय फायरिंग करता येतं. छर्रा नाही, हवा नाही, रोज वीस मिनिटं भिंतीसमोर उभं राहून फक्त ट्रिगर. हा सराव फुकटचा आणि फार मोलाचा. आठवड्यातले दोन दिवस घरी घालवलेत तर छर्ऱ्यांचे वर्षाला ₹११,००० वाचतात. माझ्या दृष्टीने पिस्तूल घेण्याचं सगळ्यात भक्कम आर्थिक कारण हेच आहे. मॉरिनीत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आहे, उत्तम असतो, पण तुमच्या आजच्या गुणांना यांत्रिक ट्रिगर मुळीच आड येत नाही.

पुन्हा विकण्याचा विचारही आत्ताच करा. समजा तीन वर्षांनी नवं पिस्तूल दीड लाखाला गेलं, तर तुमचे ₹८५,००० गेले. वापरलेलं ₹१ लाख ५ हजारांना घेऊन ₹७५,००० ला विकलं तर ₹३०,००० गेले. हे आकडे अंदाजाचे आहेत, फरक कोणत्या बाजूला झुकतो तेवढं बघा. नेमबाजी सुटली तरी, आणि पहिल्या दोन वर्षांत ती पुष्कळांची सुटते, तुमचं नुकसान आटोक्यात राहतं.

₹१ लाख ५ हजार का म्हणालो? सिलिंडरमुळे. त्यात २०० बार दाबाची हवा असते, आणि बहुतेक उत्पादक त्याला तयार झाल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं सिलिंडर लावून स्पर्धेत उतरता येत नाही. २०१८ चं सिलिंडर २०२८ ला संपेल आणि नव्याचा खर्च तुमच्यावर येईल. मालकाशी बोलताना हाच मुद्दा पुढे करा, तुसडेपणा न करता. नेमबाज माणसाला तो पटतो. ग्रिप कोणत्या मापाची आहे ते विचारा. आधीच्या मालकाने आपल्या हातासाठी लाकूड घासलं असेल तर नवी ग्रिप लागेल, त्यासाठी ₹१५,००० बाजूला ठेवा. आरडीतून उरलेल्या ₹९,००० त कुलपाची पेटी आणि सील बदलणं होऊन जाईल. हवेचा पंप आणि टाकी घेऊ नका, क्लबमध्ये भरून मिळते.

पैसे देण्याआधी पिस्तूल तीन-चार सत्रं क्लबमध्ये वापरायला मागा आणि तुमच्या प्रशिक्षकांना दाखवा. संध्याकाळी सिलिंडर पूर्ण भरून गेजचा फोटो काढा, सकाळी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल तर गळती आहे, सील बदलून मगच व्यवहार. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस आसपास कोण आहे तेही क्लबात विचारून घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ ला पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. आठच जणी अंतिम फेरीत जातात. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं आणली. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजाच्या हातातलं यंत्रही बिघडतं, म्हणून मी ब्रँडपेक्षा दुरुस्तीची सोय आधी बघतो.

भावाचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. घरात सोनं असावं, पण आरडीचे हे पैसे तुम्ही दोन वर्षं साठवलेत आणि एसआयपी न थांबवता साठवलेत. त्यातून स्वतःसाठी काही घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुम्ही लिहिलंय की पुढे मावळंकर नेमबाजी स्पर्धेत उतरायचं आहे. भावाला सांगा, ज्यांच्या नावाची ती स्पर्धा आहे ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर १८८८ साली आपल्या बडोद्यातच जन्मले, आणि राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. बडोद्याच्या मराठी घरातली मुलगी तिथे नेम धरणार असेल तर मला मनापासून आनंद आहे.

कागदपत्रांचं शेवटी सांगतो. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, पण म्हणून व्यवहार तोंडी करू नका. मूळ बिल मागून घ्या. साध्या कागदावर विक्रीपत्र करा, त्यात पिस्तुलाचा सिरियल नंबर, सिलिंडरचं साल, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्रांच्या प्रती जोडा. पैसे रोख न देता बँकेतून पाठवा. मालक मूळ बिल द्यायला टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो सौदा सोडून द्या आणि आरडीचे पैसे तीन महिन्यांच्या एफडीत ठेवून दुसरं पिस्तूल शोधा.